अर्धा लिटर तणनाशक, पन्नास टँकर पाणी

ऊस लावून दोन-तीन दिवस झाले की तणनाशकाचा पंप पाठीवर चढतो. औषध मारून झालं, की तळाला अर्धा-एक लिटर उरतं. ते ओढ्याकाठी उपडं करायचं, दोन तांबे पाण्यानं पंप खळबळून घ्यायचा आणि घरची वाट धरायची. पाणी जरा पांढुरकं होतं, घटकाभरात निवळतं.

त्या अर्ध्या लिटरचा हिशेब करून बघू. उसात ॲट्राझिन सर्रास चालतं. ५० टक्क्यांची पावडर हेक्टरी २ किलो, ५०० लिटर पाण्यात, असं धरलं तर लिटरला मूळ रसायन २ ग्रॅम पडतं. अर्ध्या लिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे १० लाख मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ॲट्राझिनची मर्यादा आहे लिटरला २ मायक्रोग्रॅम. तेवढं एक ग्रॅम ५ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर! उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट पाहिलेल्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

सगळी औषधं सारखी वागत नाहीत. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक पाण्यात जेमतेम विरघळतं, मातीच्या कणाला चिकटतं. वळवाचा पाऊस झाला की गढूळ पाण्याबरोबर नदीत उतरतं आणि मासे, पाणकिडे यांच्या जिवावर उठतं. ओढ्याकडेला गवताची पट्टी राखली, तर ही माती बरीचशी तिथंच अडते. ॲट्राझिन मात्र नितळ पाण्यातूनही जातं, म्हणून मला त्याची धास्ती जास्त वाटते. तुरटी गाळ बसवते, विरघळलेलं तसंच राहतं. पाणी उकळलं तरी वाफ पाण्याची होते, रसायन भांड्यातच राहतं. सक्रिय कोळसा ते धरून ठेवतो, पण नुसत्या तुरटी-क्लोरीनवर चालणाऱ्या नळयोजनेत तो नसतो.

आणि सोलापूरकडचे ओढे शेवटी भीमेलाच मिळतात. उजनी धरणातून सोडलेलं पाणी याच उसाच्या पट्ट्यातून पंढरपूरला चंद्रभागा होऊन येतं, पुढं औज बंधाऱ्यात अडतं. सोलापूर शहर वर्षानुवर्षं ते प्यायलं आहे.

उरलेलं औषध भरपूर पाणी घालून फवारलेल्याच रानात मारावं, पंपाची धुवणही तिथंच टाकावी. मातीतले काही जिवाणू ॲट्राझिन मोडून त्यावर जगतात. ज्या रानात ते बरीच वर्षं पडलंय, तिथले जिवाणू तर ते आणखी लवकर मोडतात. नदीच्या पाण्यात हेच काम फार संथ चालतं.