रानात पडून असलेलं स्फुरद

डीएपी या रासायनिक खताच्या 50 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 23 किलो स्फुरद (फॉस्फरस) असतं. हा हिशेब फॉस्फरस पेंटॉक्साइड या संयुगाचा. निव्वळ फॉस्फरस भरतो जेमतेम 10 किलो. त्यातलंही त्या हंगामाच्या पिकाला मिळतं ढोबळमानाने 15 ते 20 टक्के. उरलेलं नत्रासारखं हवेत उडत नाही की पाण्याबरोबर सहज खाली झिरपत नाही. रानातच राहतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू (पीएच) 8 च्या आसपास. तिथे स्फुरद कॅल्शियमला चिकटतं आणि दिवसेंदिवस विरघळायला जड होत जातं. मुळांना तर ते विरघळलेलंच हवं, तेही अगदी लगटून, कारण मातीत स्फुरद सरकतं ते मिलिमीटरभर.

पण चिकटलं म्हणजे कायमचं गेलं, असं नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका शेतात 1856 ते 1901 पर्यंत खतं घातली आणि मग स्फुरद थांबवलं. त्यानंतर कित्येक दशकं तिथली बार्ली, स्फुरद कधीच न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यांपेक्षा सरस येत राहिली.

ही शिल्लक काही पिकं स्वतःच मोकळी करतात. हरभऱ्याच्या पानांवरची आंब सगळ्यांना माहीत आहे; मुळंही तशीच सेंद्रिय आम्लं मातीत सोडतात आणि कॅल्शियमची पकड सैल करतात. तुरीची तऱ्हा वेगळी. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतलं 1990 सालचं संशोधन सांगतं, की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरतं, ते लोहाला धरतं आणि लोहाला जखडलेलं स्फुरद सुटतं. म्हणून तुरीची ही करामत दिसते ती लाल जमिनीत. काळ्या रानात हरभराच खरा. हरभऱ्याचा बेवड चांगला म्हणतात, म्हणजे त्याच्यामागून घेतलेलं पीक चांगलं येतं; त्याचं सगळं श्रेय आपण मुळांवरच्या नत्र धरणाऱ्या गाठींना देऊन मोकळे होतो. थोडं या आम्लांनाही द्यायला हवं.

पेरणीआधी बियाण्याला चोळतात ते पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणूही आम्लं सोडूनच काम करतात. मात्र ते स्फुरद तयार करत नाहीत, असलेलं सोडवतात. सेंद्रिय कर्ब नसलेल्या रानात त्यांचा टिकाव लागणं अवघड, त्यामुळे ‘डीएपी विसरा’ छापाच्या जाहिराती मला पटत नाहीत.

खरं तर आधी माती तपासावी. अहवालात उपलब्ध स्फुरद भरपूर असेल, तर शिफारशीची मात्रा कमी करता येते. वर्षानुवर्षं भरमसाट खत पडलेल्या द्राक्षबागांत आणि भाजीपाल्याच्या रानांत हे हमखास पाहावं. जादा स्फुरदामुळे पिकाला जस्त मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात, आणि शेतकरी पुन्हा दुकानात जातो, या वेळी झिंक सल्फेट आणायला.