वणव्यानंतरची माती: शिल्लक मोजताय की आवक?

पाइनच्या जंगलात वणवा लागून गेला की नंतरच्या अहवालांत हमखास वाचायला मिळतं, ‘नत्राची उपलब्धता वाढली.’ कोणत्या पद्धतीने मोजली, हे मात्र कुठेतरी तळटीपेत. माझा राग त्या तळटीपेवर आहे.

एकूण नत्र, म्हणजे सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं धरून सगळं, वेगळं; उपलब्ध नत्र, म्हणजे झाडांना लगेच घेता येणारं, मुख्यतः अमोनियम आणि नायट्रेट, वेगळं. साधारण 200 अंश सेल्सिअसच्या वर सेंद्रिय पदार्थांतलं नत्र वायुरूपात उडू लागतं. त्यामुळे एकूण नत्र घटतं आणि तरीही मातीतलं अमोनियम वाढतं. यात विसंगती नाही.

खरा घोळ उपलब्धता मोजण्याच्या दोन पद्धतींत होतो. पहिलीत माती पोटॅशियम क्लोराइडच्या 2 मोलर द्रावणात घुसळून गाळतात आणि अमोनियम-नायट्रेट मोजतात. नमुना काढला त्या घटकेला मातीत काय होतं, एवढंच त्यातून कळतं. ही शिल्लक. दुसरीत आयन (विद्युतभारित कण; इथे अमोनियम आणि नायट्रेट) धरून ठेवणारी रेझिनच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या, मण्यांची पिशवी काही आठवडे मातीत पुरतात आणि तिच्यावर जमलेलं मोजतात. ही आवक. निरोगी जंगलात आवक भरपूर असूनही शिल्लक नगण्य असू शकते, कारण सुटलेलं नत्र मुळं आणि सूक्ष्मजीव लगेच उचलतात.

वणव्यात झाडं मेली की रेझिनशी स्पर्धा करणारी मुळंही जातात. खनिजीकरणाचा, म्हणजे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांतलं नत्र अमोनियमच्या रूपात मोकळं करतात त्याचा, वेग तसूभर वाढला नाही, तरी पिशवीवर जास्त नत्र जमतं. त्यात झाडं पाणी ओढत नाहीत म्हणून ओल टिकली, तर आयन पिशवीपर्यंत आणखी सहज पोचतात. जळालेल्या आणि न जळालेल्या पट्ट्यांत नुसत्या पिशव्या पुरून ‘खनिजीकरण वाढलं’ असं लिहिणं म्हणूनच मला मान्य नाही. दोन्हीकडे नळकांडी ठोकून मुळं तोडा, आत पिशव्या ठेवा, मग तुलना करा.

आणि कृपा करून रेझिनचा आकडा मिलिग्रॅम प्रतिकिलो माती असा बदलू नका. तो रेझिनच्या क्षेत्रफळावर किंवा वजनावर आणि पुरलेल्या काळावरच सांगायचा. आठ आठवड्यांचा आकडा अर्धा करून चार आठवड्यांचा होत नाही. भरत आलेलं रेझिन कमी धरतं.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) थोडक्यात: राखेने सामू (pH) चढतो, तेव्हा उपलब्ध स्फुरद मोजण्याची, आम्लधर्मी मातीसाठी असलेली ब्रे पद्धत डोळे झाकून वापरू नका.

एकच पद्धत परवडत असेल तर मी नळकांड्यातलं रेझिन निवडेन. पोटॅशियम क्लोराइडच वापरायचं असेल तर नमुने बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी द्रावणात टाका. उबदार पिशवीत पडून राहिलेल्या मातीत सूक्ष्मजीव काम करतच राहतात, आणि त्यांनी वाढवलेलं अमोनियम वणव्याच्या नावावर जमा होतं.