विंडो मॅनेजर आणि कंपोझिटर: घोळ नेमका कुठे होतो

‘आय-थ्रीमध्ये टर्मिनलच्या मागचं दिसायला हवं, काय करू?’ ‘स्वेवर पिकॉम सुरूच होत नाही.’ ‘वेलँडवर ओपनबॉक्स कसा टाकायचा?’ लिनक्सवाले चार जण जमले की हे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तर देणारेही विंडो मॅनेजर आणि कंपोझिटर हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात, आणि विचारणारा पहिल्यापेक्षा जास्त गोंधळून परत जातो. तिन्ही प्रश्नांची गाठ एकाच जागी बसलेली आहे. ती एकदा शांतपणे सोडवायला हवी.

विंडो मॅनेजर तुम्हाला माहीत आहे असं धरतो. ओपनबॉक्स, आय-थ्री, डीडब्ल्यूएम यांपैकी काहीतरी तुम्ही वापरलेलं असणार. खिडकी कुठे उघडेल, केवढी असेल, कोणती पुढे, कोणती मागे, कीबोर्ड कोणाच्या हाती, शीर्षकपट्टी असेल की नाही, हे तो ठरवतो. यातली एकच गोष्ट पुढे लागेल, म्हणून तेवढी सांगतो. लिनक्सवर पडदा, माउस आणि कीबोर्ड सांभाळणारी जुनी व्यवस्था म्हणजे एक्स, आणि तिची जागा घेणारी नवी म्हणजे वेलँड. एक्सच्या जगात विंडो मॅनेजर हा एक साधा प्रोग्राम आहे. ब्राउझर जसा एक्स सर्व्हरला जोडलेला क्लायंट, तसाच हाही. फरक इतकाच की त्याने मूळ खिडकीवर (सगळ्या खिडक्यांच्या मागे पडदाभर पसरलेली असते ती) ‘सबस्ट्रक्चर रीडायरेक्ट’ नावाचा हक्क मागून घेतलेला असतो. एखाद्या प्रोग्रामने ‘माझी खिडकी दाखव’ म्हटलं की सर्व्हर ती लगेच दाखवत नाही, विनंती आधी या हक्कदाराकडे पाठवतो. हा हक्क एका वेळी एकालाच मिळतो. दुसऱ्याने मागितला तर सर्व्हर नकार देतो, आणि ‘आधीच एक विंडो मॅनेजर चालू आहे’ ही ओळखीची तक्रार टर्मिनलवर उमटते. खिडक्यांची खरी नोंद मात्र सर्व्हरकडेच राहते. विंडो मॅनेजर सर्व्हरला सांगतो, सर्व्हर हलवतो. म्हणूनच डीडब्ल्यूएमसारखा विंडो मॅनेजर सुमारे दोन हजार ओळींत बसतो. जड काम दुसरंच कोणी करत असतं.

आता कंपोझिटर. एक्स सिस्टीम एमआयटीत १९८४ साली सुरू झाली, एक्स-इलेव्हन १९८७ साली आलं. त्या काळात मेमरी महाग होती, त्यामुळे सगळ्या खिडक्या थेट एकाच पडद्यावर रंगवल्या जात. एक खिडकी दुसरीखाली गेली की झाकलेला भाग साठवून ठेवण्याची हमी नव्हती. वरची खिडकी बाजूला झाली की सर्व्हर खालच्या प्रोग्रामला ‘तुझा हा तुकडा उघडा पडलाय, पुन्हा रंगव’ असा निरोप पाठवी. प्रोग्राम अडकलेला असला तर तो रंगवणार कधी? मग वरची खिडकी ओढत नेली की खालच्या खिडकीवर तिचे ठसे उमटत जात. ज्यांनी ते पाहिलंय ते विसरलेले नसतील.

२००४ साली एक्स.ऑर्गमध्ये कंपोझिट नावाचं एक्स्टेन्शन आलं. त्यामुळे प्रत्येक खिडकी पडद्याबाहेर, स्वतःच्या वेगळ्या चित्रात रंगवण्याची सोय झाली. ती सगळी चित्रं एकत्र करून पडद्यावरचं शेवटचं चित्र बनवणारा प्रोग्राम म्हणजे कंपोझिटर. सावल्या, पारदर्शकता, गोल कोपरे, मंद होत जाणारे मेन्यू ही सगळी त्याची करामत. आजचा पिकॉम हे एकच काम करतो. खिडक्यांची मांडणी तो ठरवत नाही, शीर्षकपट्टी काढत नाही, फोकस देत नाही.

‘एक मांडतो, दुसरा रंगवतो’ हा फरक कळायला कोणालाच अडचण येत नाही, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. कोण किती मेमरी खातो, कोणामुळे खेळाचा वेग घटतो यावर ते मग पानंच्या पानं खर्च करतात. माझ्या मते हे सगळं दुय्यम आहे. ‘जुना लॅपटॉप आहे, पिकॉम टाक, भरभर चालेल’ हा सल्ला तर मला अजिबात सहन होत नाही. एक जास्तीचा प्रोग्राम प्रत्येक फ्रेमला पडदा जुळवणार आणि त्याने यंत्र हलकं कसं होणार? चित्र आडवं फाटल्यासारखं दिसत असेल तर पिकॉम मदत करू शकतो. वेगासाठी त्याच्याकडे जाऊ नका. जुन्या यंत्रावर नुसता ओपनबॉक्स ठेवावा, कंपोझिटर काढून टाकावा, हेच माझं ठाम मत आहे.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती उघड करायला एक प्रश्न पुरतो: तुम्ही माउसने क्लिक केलं की ते क्लिक कोणत्या खिडकीकडे जायचं, हे कोण ठरवतो?

एक्समध्ये याचं उत्तर ‘सर्व्हर’ आहे. विंडो मॅनेजरही नाही, कंपोझिटरही नाही. सर्व्हरकडे खिडक्यांची पूर्ण नोंद असते: ही खिडकी या बिंदूपासून सुरू होते, एवढी रुंद, एवढी उंच, हिच्यावर ती. बाण कुठे आहे हे तो पाहतो, त्या बिंदूवर सगळ्यात वर कोणती खिडकी आहे हे नोंदीतून शोधतो आणि क्लिक तिला देतो. विंडो मॅनेजर ही नोंद बदलवून घेऊ शकतो, म्हणून त्याच्या निर्णयाचा क्लिकवर परिणाम होतो. कंपोझिटर मात्र या नोंदीला हातही लावत नाही. तो फक्त चित्र काढतो.

याचा अर्थ नीट पाहा. समजा एक्सवरच्या कंपोझिटरने तुमची खिडकी निम्म्या आकाराची करून पडद्याच्या कोपऱ्यात दाखवली. डोळ्यांना ती कोपऱ्यात दिसते. सर्व्हरच्या नोंदीत ती अजून पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच आकाराची आहे. कोपऱ्यातल्या चित्रातलं बटण दाबलंत तर सर्व्हर त्या बिंदूवर नोंदीत जी खिडकी आहे तिला क्लिक देईल. ती भलतीच असू शकते, किंवा नुसती पार्श्वभूमी असू शकते. जे दिसतं आणि जे दाबलं जातं, त्यांची फारकत होते.

कंपोझिटर ज्या ओव्हरले खिडकीवर अंतिम चित्र काढतो, ती सगळ्या खिडक्यांच्या वर असते. म्हणजे एरवी सगळी क्लिक तिलाच मिळाली असती. म्हणून कंपोझिटर तिचा क्लिक घेण्याचा भाग शून्य करून ठेवतात. क्लिक तिच्यातून आरपार जातं आणि खालच्या खऱ्या खिडक्यांना सर्व्हरच्या हिशेबाने मिळतं. चित्र आणि नोंद जुळलेली असेपर्यंत तुम्हाला यातलं काहीच जाणवत नाही. सावली पडली काय, कोपरे गोल झाले काय, क्लिकच्या दृष्टीने सगळं जिथल्या तिथे असतं. नोम शेल हा डेस्कटॉप स्वतःच कंपोझिटरही आहे. त्यात सगळ्या खिडक्यांच्या छोट्या आवृत्त्या एकत्र दिसतात, तिथे मात्र हे नातं तुटतं. मग एक्सवर त्याला तेवढ्या वेळापुरती सगळी क्लिक स्वतःकडे ओढून घ्यावी लागतात आणि कोणती छोटी खिडकी दाबली गेली याचा हिशेब स्वतःच करावा लागतो. म्हणजे एक्सवरच्या कंपोझिटरने चित्रापलीकडे काही करायचं ठरवलं की त्याला सर्व्हरला वळसा घालून जावं लागतं.

वेलँड समजायची किल्ली इथे आहे. क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी २००८ साली वेलँड सुरू केलं, १.० आवृत्ती २०१२ साली आली. वेलँड हा प्रोग्राम नाही. क्लायंट आणि कंपोझिटर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम म्हणजे वेलँड. ‘वेलँड क्रॅश झालं’ असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: क्रॅश कोणता कंपोझिटर झाला, मटर, क्विन की स्वे? कारण त्या जगात सर्व्हर म्हणून वेगळं कोणी उरतच नाही. कंपोझिटरच सर्व्हर आहे. माउस आणि कीबोर्डकडून येणारी माहिती तोच वाचतो, पडद्याला फ्रेम तोच देतो, खिडक्यांची नोंद त्याच्याकडेच असते, आणि विंडो मॅनेजरचं सगळं कामही त्याच्याच पोटात होतं.

त्यामुळे क्लिकच्या प्रश्नाचं उत्तर इथे बदलतं. ज्याने चित्र मांडलं त्यालाच ठाऊक असतं की पडद्यावरच्या या बिंदूवर कोणत्या खिडकीचा कोणता भाग दिसतोय. तुम्ही क्लिक करता, तो स्वतःच्या मांडणीवरून उलटा हिशेब करतो आणि प्रोग्रामला सांगतो: तुझ्या स्वतःच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून इतक्या अंतरावर क्लिक झालं. खिडकी लहान करून दाखवलेली असो वा तिरकी, हिशेब चुकत नाही. पडद्यावर आपण नेमके कुठे आहोत हे सामान्य प्रोग्रामला कळतही नाही, आणि कळायची गरजही नसते.

तेव्हा ‘कंपोझिटर’ हा एकच शब्द दोन फार वेगळ्या वजनाच्या गोष्टींना लावला जातो. एक्सवरचा कंपोझिटर म्हणजे काढता-घालता येणारा रंगारी. वेलँडवरचा कंपोझिटर म्हणजे सगळा कारभार. पिकॉम आणि स्वे यांना एका पंक्तीत बसवणं चूक आहे, आणि स्वेला नुसता विंडो मॅनेजर म्हणणंही अपुरं. त्यात खिडक्या मांडण्याचा भाग आहे खरा, पण उरलेलं अवजड काम डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीवर उभं आहे. ती स्वतःची ओळखच ‘नाहीतरी तुम्हाला लिहाव्या लागणाऱ्या सुमारे ६०,००० ओळी’ अशी करून देते. डीडब्ल्यूएमच्या दोन हजार ओळींशेजारी हा आकडा ठेवला की दोन जगांतला फरक डोळ्यांसमोर येतो.

हा फरक पुस्तकी नाही. एक्सवर विंडो मॅनेजर मेला तर शीर्षकपट्ट्या जातात, खिडक्या आणि त्यांतलं काम राहतं. दुसरा सुरू करा, गाडी पुढे. पिकॉम मेला तर सावल्या जातात, बस. वेलँडवर कंपोझिटर मेला तर सर्व्हरच मेला, आणि साधारणपणे त्याला जोडलेले सगळे प्रोग्रामही त्याच्याबरोबर जातात. प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये क्यूटी लायब्ररीवर लिहिलेल्या प्रोग्रामना नव्याने सुरू झालेल्या क्विनला पुन्हा जोडून घेता येतं. सगळ्यांनी त्याच वाटेने जावं असं मला मनापासून वाटतं. नोम शेल एक्सवर ऑल्ट-एफ-टू दाबून, आर टाइप करून जागच्या जागी पुन्हा सुरू करता येत असे. वेलँडवर ती सोय का नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एक्सवर स्क्रीन लॉक हासुद्धा एक साधा क्लायंट. तो पडद्यावर मोठी खिडकी पसरतो आणि कीबोर्ड ताब्यात घेतो. तो कोसळला तर पडदा उघडा. एखादा मेन्यू उघडा राहून त्याने कीबोर्ड आधीच धरलेला असला तर लॉकला तो मिळतच नाही आणि यंत्र लॉक होत नाही. शिवाय एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरं वाचता येतात. वेलँडमध्ये लॉकसाठी वेगळा प्रोटोकॉल आहे, आणि तो पाळणाऱ्या कंपोझिटरवर लॉकचा प्रोग्राम कोसळला तरी पडदा बंदच राहतो. ज्याच्या यंत्रावर दुसऱ्यांची माहिती असते त्याने एवढ्या एका कारणासाठी वेलँडवर यावं. एक्सडूटूल चालत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांची अडचण मला कळते, पण तो कुठल्याही खिडकीत परस्पर टाइप करू शकत होता, हीच तर एक्सची उघडी खिंड होती.

विंडोजवाल्यांचा घोळ नावाने वाढवला आहे. व्हिस्टापासून जो ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ टास्क मॅनेजरमध्ये दिसतो, तो खरं तर कंपोझिटर आहे, आणि विंडोज ८ पासून तो बंदही करता येत नाही. त्याचं लघुरूप आणि लिनक्सवरच्या डीडब्ल्यूएमचं नाव एकच असल्यामुळे शोधताना भलतीच उत्तरं हाती येतात.

आता सुरुवातीचे प्रश्न. आय-थ्री स्वतः पारदर्शकता देत नाही. टर्मिनलमध्ये ती चालू करा आणि सोबत पिकॉम चालवा. स्वेवर पिकॉमला जागाच नाही, कारण ते काम स्वे आधीच करतोय. सावल्या आणि गोल कोपरे हवेत तर ते देणारा दुसरा वेलँड कंपोझिटर निवडा. ओपनबॉक्स वेलँडवर येणार नाही, कारण ज्या सर्व्हरकडे तो हक्क मागतो तो तिथे नाही. त्याच धाटणीचा लॅबडब्ल्यूसी आहे. ओपनबॉक्सच्या थीम आणि बरीचशी मांडणी तो ओळखतो, आणि ओपनबॉक्सवर जीव असलेल्यांना मी डोळे झाकून तोच सुचवतो.

मराठी टाइप करणाऱ्यांना हाच फरक आणखी एका जागी नडतो. एक्सवर सेटएक्सकेबीमॅप ही आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकली की भारतीय लेआउट सगळीकडे लागू होई, कारण कीबोर्डचा नकाशा सर्व्हरकडे होता. वेलँडवर तो कंपोझिटरकडे आहे. तीच आज्ञा तिथे फार तर एक्सवेलँडपर्यंत (वेलँडवर जुने एक्स प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोहोचते, वेलँडच्या खिडक्यांना तिचा पत्ताही लागत नाही. जुन्या लेखातली ती ओळ काढून टाका आणि लेआउट कंपोझिटरच्याच सेटिंगमध्ये भरा. स्वेमध्ये कॉन्फिगच्या इनपुट विभागात एक्सकेबी लेआउटला ‘यूएस’ आणि ‘इन’ द्या, व्हेरियंटमध्ये पहिली जागा रिकामी सोडून दुसरी मराठी कगप या उच्चारानुसारी लेआउटची ठेवा, आणि दोन्हींत अदलाबदल करायची कळ ऑप्शनमध्ये लिहा. इनस्क्रिप्टवाल्यांनी व्हेरियंट आपापला निवडावा, बाकी सगळं तसंच.