डोळ्यामागची जागा आणि योग्य स्कॅन

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने म्युकरमायकोसिसची नोंद सक्तीची करायला सांगितली, तेव्हा मराठवाड्यात ‘काळी बुरशी’ घरोघरी माहीत झाली होती. जालना-बीडकडचे रुग्ण औरंगाबादच्या घाटी या सरकारी रुग्णालयात येत होते. कोविडची लाट ओसरली. वाढलेली शुगर आणि बुरशी मात्र गेलेली नाही.

ही बुरशी नाकातून डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून मागे कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना असलेली ही अशुद्ध रक्ताची जागा जेमतेम दोन सेंटीमीटर लांब असते. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी तिच्यातूनच जाते. डोळा फिरवणाऱ्या तीन नसा आणि कपाळ-गालाची संवेदना नेणाऱ्या दोन नसाही इथेच. म्हणून पापणी पडली, एकाचे दोन दिसू लागले आणि गाल बधिर झाला, की जाणकार डॉक्टरांचे लक्ष आधी इकडे जाते.

अडचण पुढे आहे. तालुक्याला मेंदूचा साधा सीटी काढतात, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे निर्धास्त होतात. सीटीत हाड कुठे खाल्ले गेले ते छान दिसते, पण सुरुवातीचा आजार सुटू शकतो. इथे कॉन्ट्रास्ट, म्हणजे भाग उजळवणारे औषध शिरेतून देऊन, पातळ काप घेऊन केलेला एमआरआय हवा, आणि तोही चरबीची चमक दाबून. नाहीतर खोबणीतल्या चरबीत आजार लपतो. निरोगी सायनस औषधाने बहुतेक सारखा उजळतो. आजारी बाजू फुगते, मध्येच काळी राहते, कधी धमनीही अरुंद दिसते. नाकातला मेलेला भाग तर औषध घेतच नाही.

मोटारसायकलच्या अपघातानंतर डोळा लाल होऊन ठोके देऊ लागला, तर गोष्ट वेगळी. धमनी फाटून तिचे रक्त सायनसमध्ये घुसते, खोबणीतली वरची शीर सुजते. अँजिओग्राफीत ती फट सापडते आणि त्याच वाटेने कॉइल (बारीक तारेचे वेटोळे) टाकून बंदही करता येते.

टोलोसा-हंट या, याच जागेला जंतूंशिवाय सूज येण्याच्या आजारात दुखणारा डोळा स्टेरॉइडने झटपट बरा वाटतो. पण शुगरच्या रुग्णाला बुरशी नाही याची खात्री होण्याआधी स्टेरॉइड देणे जिवावर बेतू शकते, हे मला ठासून सांगायचे आहे.

कॉन्ट्रास्टआधी मूत्रपिंडाची स्थिती पाहतात, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा. एमआरआयची तारीख लांबली तरी नाकातला तुकडा तपासायला थांबू नये. काचपट्टीवर बुरशी काही तासांत दिसू शकते.