नो-हिटरपासून बुलपेनपर्यंत: डेव्ह रिगेटीची वाटचाल

बेसबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने २०१०, २०१२ आणि २०१४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली, तेव्हा संघाचा पिचिंग कोच (चेंडू टाकणाऱ्या पिचरांचा प्रशिक्षक) होता डेव्ह रिगेटी. त्याचं कोचिंग समजून घ्यायचं तर १९८४ पर्यंत मागे जावं लागतं.

सॅन होजेचा हा डावखुरा पिचर १९८१ मध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. ४ जुलै १९८३ ला त्याने बॉस्टन रेड सॉक्सला अख्ख्या सामन्यात एकही हिट (फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठणं) मिळू दिला नाही. अशी कामगिरी म्हणजे नो-हिटर. १९५६ मधल्या डॉन लार्सननंतर यँकीजसाठी ती कोणालाच जमली नव्हती. शेवटचा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) वेड बॉग्जचा, आणि त्या मोसमाचा सर्वोच्च सरासरीचा बॅटिंग किताब याच बॉग्जने जिंकला!

असा पिचर सामन्याची सुरुवात करायलाच, म्हणजे स्टार्टर म्हणूनच हवा, असं कोणीही म्हणेल. पण गूस गॉसेज संघ सोडून गेला, क्लोजरची (शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरची) त्याची जागा रिकामी झाली आणि १९८४ पासून रिगेटी बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर जिथे तयार बसतात तिथे, बसू लागला. आपल्या डेथ ओव्हर्सच्या गोलंदाजासारखं हे काम: आघाडी थोडी, चूक करायला वाव नाही. १९८६ मध्ये त्याने ४६ सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने, नोंदवले. आधीचा ४५ चा विक्रम मोडला, आणि तेही मोसमात शंभराहून जास्त इनिंग (एका सामन्यात साधारण नऊ) टाकून. आजचा क्लोजर बहुधा एकाच इनिंगपुरता येतो, हे लक्षात घेतलं की त्या मेहनतीचा अंदाज येतो. तरी ‘त्याला स्टार्टरच ठेवायला हवं होतं’ हा वाद थांबला नाही. मला स्वतःला तो निर्णय चुकीचा वाटत नाही.

१९९५ मध्ये २५२ सेव्हवर कारकीर्द संपली. २००० पासून तो जायंट्सचा पिचिंग कोच झाला आणि बेकर, अलू, बोची असे तीन मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) बदलले तरी टिकला. त्याच्या काळात टिम लिन्सेकमने सर्वोत्तम पिचरचे दोन साय यंग पुरस्कार मिळवले, मॅट केनने २०१२ मध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिलं नाही.

२०१४ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना मात्र खास. स्टार्टर मॅडिसन बमगार्नर तीन दिवसांपूर्वीच पूर्ण सामना टाकून बसलेला. कॅन्सस सिटीत पाचव्या इनिंगला तो बुलपेनमधून आला आणि ६८ चेंडूंत पाच इनिंग टाकून ३-२ ची आघाडी राखली. दोन्ही भूमिका जगलेला कोच तेव्हा डगआउटमध्ये होता. २०१७ मध्ये संघ ९८ सामने हरला. त्या मोसमानंतर रिगेटीला पिचिंग कोचपदावरून हलवून संघ व्यवस्थापनात घेण्यात आलं.