स्तनांचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया : इम्प्लांट कोणतं निवडायचं, छेद कुठे द्यायचा?

हे पत्रक घरी नेऊन निवांत वाचायचं आहे. इम्प्लांट म्हणजे आकार वाढवण्यासाठी स्तनात बसवायची भरलेली पिशवी. तपासणीच्या खोलीत लाजेनं आणि धास्तीनं निम्मं बोलणं लक्षातच राहत नाही. इथले निर्णय मात्र पुढची कित्येक वर्षं अंगावर राहणार असतात.

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत या भागातून येणाऱ्या बऱ्याच जणी मोबाइलमध्ये एक फोटो आणि मनात एक आकडा घेऊन येतात : "३०० सीसी बसवा." (सीसी म्हणजेच मिलिलिटर.) आम्ही तो आकडा बाजूला ठेवतो आणि आधी टेप हातात घेतो. स्तनाचा पाया किती रुंद आहे, त्वचा किती ताणते, वरच्या भागात चिमटीत किती जाडी येते, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत किती अंतर आहे, हे सगळं मोजतो. तेच ३०० सीसी अरुंद छातीवर भरगच्च दिसतं आणि रुंद छातीवर फारसं कळतही नाही. पायापेक्षा रुंद इम्प्लांट घातलं तर ते काखेकडे पसरतं, नाहीतर दोन्ही बाजू मध्ये येऊन भिडतात. वजनानं त्वचा ओघळते ते वेगळंच. म्हणून कितीही आग्रह झाला तरी मापाबाहेरचं इम्प्लांट आम्ही बसवत नाही.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर एक साधा उपाय आहे. मापाच्या भांड्यानं २५० मिली कोरडे तांदूळ मोजून पातळ पायमोज्यात भरा, गाठ मारा, सैल ब्रामध्ये ठेवा आणि दिवसभर घरकाम करा. आकाराची आणि थोडीफार वजनाची कल्पना येते. जास्त वाटले तर तांदूळ कमी करून बघा.

आत काय भरलेलं असतं

बाहेरचं आवरण सगळ्यांचं सिलिकॉनचंच असतं. आत मिठाचं निर्जंतुक पाणी असतं किंवा सिलिकॉनची जेल. पाण्याचं इम्प्लांट रिकामंच आत घालून मग भरतात, त्यामुळे छेद लहान पुरतो. ते गळलं तर थोड्याच दिवसांत स्तन बसतो आणि लगेच कळतं. पाणी शरीरात निरुपद्रवीपणे शोषलं जातं. पण सडपातळ बाईत त्याच्या सुरकुत्या त्वचेवरून दिसतात, हाताला जाणवतात. जेलचा स्पर्श नैसर्गिक वाटतो. आजची घट्ट जेल आवरण फाटलं तरी बरीचशी जागच्या जागी राहते. त्यामुळेच ते फाटल्याचं बाहेरून कळत नाही, तपासणी करूनच शोधावं लागतं.

सिलिकॉनबद्दल भीती आहे आणि ती उगाच नाही. पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये बसवलं गेलं. १९९२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, एफडीएने, केवळ सौंदर्यासाठीचा त्याचा वापर थांबवला आणि बऱ्याच अभ्यासानंतर २००६ मध्ये पुन्हा मान्यता दिली. तिथे पाण्याच्या इम्प्लांटला १८ आणि जेलच्या इम्प्लांटला २२ वर्षं अशी किमान वयाची अट आहे. आम्हीही तीच पाळतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीची वाढ अजून चालू असू शकते.

इम्प्लांटचा आकार गोल असतो किंवा थेंबासारखा. थेंबाचं आत फिरलं तर स्तनाचा आकार बिघडतो, म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत करतात. या खरखरीत पृष्ठभागाशी एक दुर्मीळ कर्करोग जोडलेला आढळला आहे. तो स्तनग्रंथीचा नव्हे, तर शरीर इम्प्लांटभोवती जे पातळ आवरण तयार करतं त्यात होणारा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, आहे. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतली ती यामुळेच. आम्ही गुळगुळीत गोल इम्प्लांटच सुचवतो. कुणाला आधीच खरखरीत इम्प्लांट बसवलेलं असेल आणि काही त्रास नसेल, तर केवळ भीतीपोटी ते काढायची गरज नाही. मात्र काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली तर लगेच दाखवा.

छेद कुठे द्यायचा

"व्रण दिसता कामा नये," हे प्रत्येकीचं म्हणणं असतं. व्रण राहतोच. तो कुठे राहिलेला तुम्हाला चालेल, एवढंच ठरवता येतं.

स्तनाखालच्या घडीतला छेद आम्ही सर्वांत जास्त वापरतो. जेलसाठी तो साधारण ४ ते ५ सेंटिमीटरचा असतो. इम्प्लांटची जागा डोळ्यांसमोर नीट तयार करता येते, दूधनलिकांना धक्का लागत नाही आणि पुढे इम्प्लांट बदलायची वेळ आली तर त्याच व्रणातून आत जाता येतं. उभं असताना व्रण स्तनाखाली झाकला जातो, आडवं झाल्यावर दिसतो. स्तन फारच लहान असेल तर घडीच नसते. नवी घडी कुठे पडेल याचा अंदाज चुकला तर व्रण वर सरकलेला दिसतो.

स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या कडेनं दिलेला छेद रंगात मिसळून जातो, म्हणून तो अनेकींना आवडतो. पण गडद भाग पुरेसा मोठा हवा. वाट दूधनलिकांजवळून जाते, त्यामुळे तिथले जंतू इम्प्लांटपर्यंत पोहोचण्याचा, पुढे अंगावर पाजताना अडचण येण्याचा आणि स्तनाग्राची संवेदना कमी होण्याचा धोका वाढतो. जिला अजून मूल हवं आहे तिला आम्ही हा छेद सुचवत नाही.

काखेतल्या छेदात स्तनावर एकही खूण राहत नाही. मात्र बिनबाह्यांचा ब्लाउज घातला की हात वर करताच व्रण दिसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं तो चिघळू शकतो, आणि पुढे इम्प्लांट बदलायचं झालं तर बहुधा स्तनाखाली नवा छेद घ्यावाच लागतो. बेंबीतून फक्त पाण्याचं इम्प्लांट बसवता येतं. ते आम्ही करत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगा : कान-नाक टोचल्यावर गाठ आली होती का? दंडावरचा बीसीजीचा व्रण फुगलेला आहे का? असं असेल तर नवा व्रणही जाड होऊ शकतो, आणि मग छेदाची जागा नव्यानं ठरवावी लागते.

स्नायूच्या वर की खाली

वरच्या भागात चिमटीत २ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडी येत असेल तर इम्प्लांटची कड दिसू नये म्हणून ते छातीच्या स्नायूखाली ठेवणं बरं. पण स्नायू आवळला की इम्प्लांटही हलतं. कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्या मुली आणि द्राक्षबागेत मांडवाखाली दिवसभर हात वर करून विरळणी करणाऱ्या बायका यांनी हे आधीच सांगावं. जड उचलणं आणि असं काम किमान सहा आठवडे बंद ठेवावं लागतं. बाग असेल तर फळछाटणीच्या तोंडावर तारीख मागू नका.

मिश्री लावत असाल, तंबाखू किंवा सिगारेट घेत असाल तर शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनमुळे रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम उसवते. मिश्रीबद्दल कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे छापलं आहे.

पुढच्या वर्षांत

इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. कधीतरी ते बदलावं किंवा काढावं लागेल हे धरूनच निर्णय घ्या. शरीर त्याच्याभोवती पातळ आवरण तयार करतं. काहींमध्ये ते आखडतं, स्तन कडक होतो, दुखतो. याशिवाय रक्त साचणं, जंतुसंसर्ग आणि बधिरपणा हे धोके आहेत. जेल असेल तर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करणाऱ्याला इम्प्लांट असल्याचं आधी सांगा. त्यासाठी जास्तीचे फोटो घ्यावे लागतात. बाळंतपणानंतर स्तन ओघळले असतील तर नुसत्या इम्प्लांटनं ते वर येत नाहीत, उचलण्याची शस्त्रक्रिया वेगळी असते. अंगावर पाजणं थांबवून सहा महिने झाल्याशिवाय आम्ही मापच घेत नाही.

इम्प्लांटच्या खोक्यावर अनुक्रमांकाचे स्टिकर असतात. ते चिकटवलेलं कार्ड तुम्हाला देतो, ते आधारकार्डासारखं जपा. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीनं वैद्यकीय जेलऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं, तेव्हा आपल्या अंगात कुठल्या कंपनीचं इम्प्लांट आहे हे प्रत्येकीला शोधावं लागलं. शस्त्रक्रिया कुठेही करा, आमच्याकडेच असं नाही, पण हे कार्ड घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. आणि डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा तत्सम पदवी आहे का, हे विचारायला संकोचू नका.

केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. जन्मजात दोष किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीला तो कर नाही.

भेटीला येताना

सैल, पुढून उघडणारा कपडा घाला. चालू औषधांची यादी आणा. चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफीचा अहवाल, आणि आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर त्याची माहिती आणा. सोबत कुणालाही आणा, पण थोडा वेळ आम्ही तुमच्याशी एकटीशी बोलू. हे तुम्हाला स्वतःला हवं आहे, की स्थळं जमत नाहीत म्हणून किंवा नवरा टोमणे मारतो म्हणून, हे तेव्हा विचारू. स्वतःसाठी नसेल तर आम्ही थांबायला सांगतो. तपासणी स्त्री कर्मचाऱ्याच्या उपस्थितीतच होते. पहिल्या भेटीत शस्त्रक्रियेची तारीख देत नाही. दुसरी भेट किमान दोन आठवड्यांनी ठेवतो, तेव्हा मनात आलेले प्रश्न याच पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणा.