फोरममधलं अधांतरी दार

रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकात, नकाशा घेऊन एकटाच फिरणारा माणूस अँटोनिनस आणि फाउस्टिनाच्या देवळापाशी हमखास अडखळतो. समोर अखंड दगडाचे उंच खांब, त्यांच्या मागे चर्च, आणि चर्चचं दार अधांतरी. देवळाच्या पायऱ्या चढून गेलात तरी उंबरठा डोक्याच्या वरच!

दार चुकलेलं नाही, जमीन खाली गेली आहे. सम्राट अँटोनिनस पायस याने इ.स. १४१ मध्ये दिवंगत पत्नीसाठी हे देऊळ बांधलं. तो गेल्यावर त्याचंही नाव त्यावर आलं. पुढे देवळाचं चर्च झालं. चर्चची आजची दर्शनी बाजू १६०२ ची, म्हणजे दार बसवणाऱ्या गवंड्याच्या पायाखाली कित्येक मीटर गाळ आणि राडारोडा होता.

ही जागा मुळात दलदलीचीच. 'क्लोआका मॅक्सिमा' नावाच्या मोठ्या नाल्याने पाणी टायबर नदीत काढून दिलं, तेव्हा कुठे इथे बाजार आणि देवळं उभी राहिली. साम्राज्य मोडलं, देखभाल संपली आणि खोलगट भाग पुन्हा भरत गेला. वर गवत वाढलं, गुरं चरू लागली, आणि लोक या जागेला 'काम्पो व्हाचिनो', म्हणजे गाईगुरांचं रान, म्हणू लागले.

मग एवढा संगमरवर गेला कुठे? बराचसा भट्टीत. संगमरवर भाजला की चुना होतो, आणि बांधकामांनी गजबजलेल्या शहराला चुना हवाच असतो. १५४० मध्ये पोप तिसरा पॉल याने सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी इथले दगड काढायला परवानगी दिली. रानटी टोळ्यांनी रोम बुडवलं असं आपण शाळेत शिकलो. फोरमचं म्हणाल तर जास्त नासधूस घरच्यांनीच केली. फाउस्टिनाच्या खांबांवर वरच्या बाजूला तिरक्या खाचा दिसतात. दोर बांधून ते पाडायच्या प्रयत्नांच्या त्या खुणा, असं सांगतात.

जे चर्च झालं ते मात्र तगलं. सिनेटचं सभागृह, म्हणजे क्युरिया, ६३० मध्ये चर्च झालं म्हणूनच आज त्याच्या भिंती उभ्या आहेत. सम्राट टायटसच्या कमानीला मध्ययुगात एका घराण्याच्या गढीने पोटात घेतलं होतं. १८२० च्या सुमारास वास्तुविशारद वालादिएरने ती सोडवून पुन्हा जुळवली, आणि भर घातलेला भाग मुद्दाम साध्या ट्रॅव्हर्टाइन दगडात ठेवला. जवळ जाऊन पाहिलं की जुनं कुठलं, नवं कुठलं ते लगेच कळतं.

नेटाने खोदकाम सुरू झालं एकोणिसाव्या शतकात. १८९८ पासून पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी थर मोजत खाली गेला आणि पुढच्याच वर्षी त्याला 'लापिस निगेर' हा काळा फरसबंद चौथरा सापडला. १९३२ मध्ये मुसोलिनीने शेजारच्या सम्राटांच्या फोरमांवरून संचलनासाठी सरळ रस्ता काढला. तो अजून वाहता आहे.

आपल्याकडचा धागाही इथेच आहे. सम्राट मॅक्सेन्शियसच्या अवाढव्य बॅसिलिकेच्या, म्हणजे सार्वजनिक सभागृहाच्या, जागी आधी सम्राट डोमिशियनने बांधलेली मिरीची कोठारं होती. मिरी अर्थातच मलबारची.

क्युरियाची ब्राँझची दारं मात्र तिथे शोधू नका. सतराव्या शतकात ती रोममधल्याच लॅटरन बॅसिलिका या चर्चमध्ये नेली. जुनी दारं पाहायची तर तिकडेच जावं लागतं.